तीन रोपं आणि सात उन्हाळे: निलगिरीचं बोन्साय

सप्टेंबर २०१८ मध्ये मेलबर्नला निलगिरीची तीन रोपं आणली. आज, फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्यातली दोन जिवंत आहेत आणि एकाला बोन्साय म्हणता येईल. मधल्या साडेसहा वर्षांत काय केलं, कधी केलं, कितीला पडलं आणि कुठे चुकलं ते क्रमाने लिहिते आहे. बोन्सायची बहुतेक माहिती पाइन, जुनिपर, मेपल यांच्यावर बेतलेली असते. ते वेळापत्रक निलगिरीला लावलं की निलगिरी हातची जाते. माझं एक रोप असंच गेलं, दुसरं जाता जाता वाचलं.

रोपं विकत आणायचा बेत आधी नव्हताच. इथे शेताच्या कडेला गुरांनी खाल्लेले, ट्रॅक्टरने मोडलेले निलगिरीचे खुंट दिसतात. असा एखादा खणून आणला की जाड बुंधा आयता मिळतो, दहा वर्षं वाचतात. पण उठून खणायला जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानातून रोप, फांदी, बी काहीही उचलणं बेकायदा आहे. बाकी सरकारी जमिनीवर परवान्याशिवाय कुदळ लावायची नाही. जमीन खासगी असली तर मालकाची लेखी परवानगी हवी, आणि झाड तिथलं मूळचं असेल तर वर काउन्सिलची (इथल्या पालिकेची) परवानगीही लागू शकते. जून २०१८ मध्ये एका ओळखीच्या शेतावरचा खुंट पाहिला होता. मालक 'घेऊन जा' म्हणाले. काउन्सिलला ईमेल केला, सोबत जागेचा पत्ता, खुंटाचे चार फोटो, बुंध्याचा घेर आणि मालकाचं पत्र. पाच आठवड्यांनी उत्तर आलं की प्रजाती कोणती याचा तज्ज्ञाचा दाखला जोडा. तज्ज्ञाची फी ऐकली आणि खुंट होता तिथेच बरा वाटला. तुम्हाला खुंटच हवा असेल तर ज्यांच्या अंगणात लावलेलं झाड काढायचं चाललं आहे अशांना विचारा. तिथेही परवानगी लेखीच घ्या.

मग प्रजाती ठरवायची. आपण मराठीत ज्याला सरसकट निलगिरी म्हणतो (नाव पडलं ते दक्षिणेतल्या डोंगरांवरून, तिथे १८४३ पासून ही झाडं लावली गेली) त्या झाडाच्या सातशेहून जास्त प्रजाती आहेत, आणि बोन्सायसाठी त्यातल्या बहुतेक बाद. ब्लू गमचं मोठं पान वीतभर लांब असतं. ते झाड कुंडीत कितीही छान वळवलं तरी डोक्यावर टॉवेल वाळत घातल्यासारखं दिसतं. माउंटन ॲशला लिग्नोट्यूबर नसतो, म्हणून तो नको. लिग्नोट्यूबर म्हणजे बुंध्याशी, मुळं सुरू होतात तिथे असणारी लाकडी गाठ. तिच्यात झोपलेले डोळे (अजून न फुटलेले कोंब) आणि साठवलेलं पिष्ट असतं. वणव्यात वरचं सगळं जळून गेलं तरी झाड तिथून फुटतं. बोन्साय करणाऱ्याची कात्री झाडाच्या हिशेबी वणवाच असते, त्यामुळे ही गाठ असलेली प्रजाती घेतली तर चुका पोटात घालते.

मी निवडली युकॅलिप्टस निकोलिआय. मूळची न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडच्या पठारावरची, रानात आता कमी उरलेली. पण मेलबर्नच्या रस्त्यांवर पुष्कळ लावलेली. पान अरुंद, काडीसारखं, निळसर हिरवं. कोवळा शेंडा जांभळट. चुरगळलं की पेपरमिंटचा वास येतो. साल लवकर खडबडीत होते, म्हणून चार-पाच वर्षांचं खोडही वयस्कर दिसतं. दुसरे चांगले पर्याय म्हणजे पार्व्हुला (पान लहान), स्कोपारिया (गुळगुळीत पांढरं खोड, साल मुद्दाम खडबडीत नको असेल त्यांना) आणि थंड भागात राहणाऱ्यांना स्नो गम. स्नो गमचं बी पेरायचं असेल तर आधी ओलसर वाळूत मिसळून चार ते सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, नाहीतर उगवण फार कमी होते.

रोपं मिळाली ट्यूबमध्ये: पाच सेंटिमीटर रुंद, बारा सेंटिमीटर खोल, उभ्या चौकोनी नळीत. एक साडेचार डॉलरला, तीन साडेतेराला. निवडताना सगळ्यांत उंच रोप उचलू नका. वीतभर उंचीचं, खालपासून पानं असलेलं घ्या. ट्यूब उलटी करून तळाच्या भोकातून मुळांचा झुबका बाहेर आला असेल तर ठेवून द्या. बुंधा चिमटीत धरून हलकेच डोलवून पाहा. मातीच्या आत भोवरा फिरल्यासारखा फिरला तर आत मुळं वळलेली आहेत, आणि हे वळण नंतर कधी सुटत नाही. खोड जाड होतं तशी ती मुळं एकमेकांचा गळा आवळतात.

पहिली चूक रोपं आणल्याच्या आठवड्यातच केली. सप्टेंबर म्हणजे इथला वसंत, आणि वाचलेलं असं की मुळांचं काम डोळे फुगायच्या आधी करावं. मेपलला ते बरोबर आहे. एका रोपाची माती धुतली, सोटमूळ कापलं, पसरट कुंडीत लावलं. रात्री सहा-सात अंश असायच्या. रोप सहा आठवडे जागचं हललं नाही, मग शेंड्याकडून सुकत खाली आलं. उकरून पाहिलं तर नवं मूळ एकही नाही, जुनी मुळं काळी आणि बोटांत धरली की साल मोज्यासारखी निघून येणारी. निलगिरी थंडीसाठी बंद डोळा बनवून झोपी जात नाही. तिला ऊब मिळाली की ती वाढते, थंडी पडली की थांबते. मुळं कापायची तर तिची वाढ चालू असतानाच, म्हणजे रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांच्या वर टिकू लागल्यावर. मेलबर्नला तो काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत.

उरलेली दोन रोपं २४ नोव्हेंबर २०१८ ला घेतली. पद्धत अशी: आदल्या संध्याकाळी रोप ट्यूबसकट पाण्यात बुडवून ठेवायचं. माती पाण्याच्या बादलीत धुऊन काढायची, पाइपच्या धारेने नाही. वळलेली मुळं चॉपस्टिकने उलगडायची, न उलगडणारी कापायची. सोटमूळ पहिल्या आडव्या मुळांच्या खाली तीन सेंटिमीटरवर तोडायचं. आडवी मुळं चहूबाजूंनी पसरून एका फरशीच्या तुकड्यावर ठेवायची, म्हणजे ती खाली न जाता बाजूला जातात आणि पुढे बुंध्याला पाय फुटल्यासारखे दिसतात. त्याच बैठकीत वरचा भागही निम्मा छाटायचा. मुळं अर्धी आणि पानं पूर्ण ठेवली की पानं पाणी मागत राहतात आणि मुळं देऊ शकत नाहीत. मग दोन आठवडे सावली, वारा लागणार नाही अशी जागा, दिवसातून दोनदा पानांवर फवारा. अकराव्या दिवशी दोन्ही रोपांच्या शेंड्यांना नवी जोडपानं दिसली.

कुंडीत भरायच्या मिश्रणाबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असतं. माझं प्रमाण: पाच भाग प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखीचा दगड), तीन भाग पाइनच्या सालीचा चुरा, दोन भाग कोकोपीट. तिन्ही तीन ते सहा मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचं, खाली पडलेली पूड टाकून द्यायची. ही पूडच तळाला बसून चिखल करते. वीस लिटर प्युमिस २८ डॉलर, ते दोन वर्षं पुरलं. ऑस्ट्रेलियन झाडांना फॉस्फरस चालत नाही असं जे सांगतात ते बँक्सिया-ग्रेव्हिलियाच्या बाबतीत खरं आहे, निलगिरीला ते लागू नाही. साधं सहा महिने पुरणारं दाणेदार खत आणि सप्टेंबर ते एप्रिल दर पंधरा दिवसांनी अर्ध्या ताकदीचं द्रवरूप खत. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसायला लागला तर लोह मिळत नाहीये, बहुधा पाण्यातल्या चुन्यामुळे. चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं) घातलं की नवी पानं सुधारतात, जुनी नाहीत.

पाण्याबद्दलचा गैरसमज सगळ्यांत मोठा. निलगिरी कोरडवाहू झाड, तिला पाणी कमी लागतं, असं वाटतं. जमिनीत तिची मुळं ओल शोधत लांबवर जातात म्हणून ती तगते. सहा सेंटिमीटर खोल कुंडीत कुठे जाणार? उलट ती भडाभडा पाणी पिते. पंचवीस अंशांपर्यंत दिवसातून एकदा, पस्तीसच्या वर दोनदा. चाळिशी गाठणाऱ्या दिवशी, उत्तरेकडचा भाजणारा वारा सुटतो तेव्हा, कुंडी सकाळीच दोन सेंटिमीटर पाणी असलेल्या ट्रेमध्ये ठेवायची. हे पाइनला केलं तर मुळं कुजतील. निलगिरीला उन्हाळाभर ट्रेमध्ये ठेवलं तरी काही होत नाही, मात्र एप्रिलपासून ट्रे काढायचा. दुसरी अडचण अशी की तिची पानं एरवीही खाली लोंबतात, त्यामुळे ती तहानली आहे हे चटकन कळत नाही. रोज शेंड्याकडची दोन पानं बोटांनी चाचपायची सवय लावून घ्या. चामड्यासारखी ताठ लागली तर ठीक, कापडासारखी मऊ लागली तर तासाभराची मुदत आहे. कागदासारखी कुरकुरली तर ती फांदी गेली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये दोन्ही रोपं ब्रोकोलीच्या खोक्यांत लावली. भाजीवाल्याकडे ब्रोकोली बर्फासकट थर्माकोलच्या खोक्यांतून येते, ती खोकी तो फुकट देतो. तळाला बारा-पंधरा भोकं पाडली की यापेक्षा चांगलं भांडं नाही. उथळ, रुंद, आणि थर्माकोलमुळे मुळं तापत नाहीत. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू दुपारी हाताला चटका देते, त्या बाजूची मुळं भाजून निघतात.

पुढचं वर्ष नुसतं वाढू द्यायचं. शेंडा कापायचा नाही, फांदी वळवायची नाही. खोड जाड होतं ते वर पसारा असतो म्हणून. शेंडा खुडत बसलात तर पाच वर्षांनीही पेन्सिलच राहते. पण एक पथ्य: निलगिरी स्वतःच्या सावलीत आलेली फांदी सरळ सोडून देते. म्हणून खालच्या दोन-तीन फांद्यांवर ऊन पडत राहील एवढी मधली पानं काढत राहावं. या फांद्या पुढे कामाला येतील न येतील, त्या जिवंत आहेत तोवर खोडाचा खालचा भाग जाड होतो.

डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या झाडाचं खोड बुंध्याशी ३४ मिलिमीटर आणि उंची सव्वादोन मीटर होती. ५ तारखेला करवतीने चौदा सेंटिमीटरवर कापलं, तिरकं. खालची एक बारीक फांदी पानांसकट ठेवली. ती ठेवली की रस वर चढत राहतो आणि खोड कापापासून खाली वाळत येण्याची शक्यता कमी होते. जखमेतून काळपट लाल डिंक येतो. घाबरायचं कारण नाही, पुसायचाही नाही. वर कट पेस्ट, म्हणजे जखम झाकायचा लेप, लावला. कापल्यानंतर पाणी मात्र निम्म्यावर आणायचं आणि ट्रे काढायचा, कारण पानं नाहीत तर पाणी ओढणारंही कुणी नाही. इथे बरीच झाडं उपाशी नव्हे, बुडून मरतात.

एकोणिसाव्या दिवशी सालीला बारीक चिरा पडल्या आणि त्यांतून टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस ठिपके वर आले. आधी तीन, आठवड्यात चाळीसेक. निलगिरीचे हे डोळे सालीच्या आत खोल दडलेले असतात, म्हणून जाड, खडबडीत, पान नसलेल्या खोडावरही फुटतात. बोन्सायसाठी हा तिचा सगळ्यांत मोठा गुण. पण चाळीस ठेवून चालत नाही. एकाच जागेवरून पाच-सहा फुटवे वाढले की तिथे खोडाला गलगंड येतो. फुटवे दोन सेंटिमीटरचे झाले की जिथे फांदी हवी तिथले सात-आठ ठेवायचे, बाकी अंगठ्याने चोळून काढायचे. दर आठवड्याला पुन्हा येतात, पुन्हा काढायचे. हे एप्रिलपर्यंत चालतं.

दुसरं झाड 'आणखी जाड होऊ दे' म्हणून ठेवलं होतं, आणि जुलै २०२१ मध्ये, ऐन हिवाळ्यात, जागा हवी होती म्हणून कापलं. एकही पान ठेवलं नाही. सप्टेंबरपर्यंत काही हालचाल नाही. साल नखाने खरवडली तर वरून खाली तपकिरी, म्हणजे मेलेली. खोक्यासकट टाकायच्या बेतात असताना ऑक्टोबरच्या शेवटी बुंध्याच्या गाठीवरून नऊ कोंब आले. खोड गेलं, लिग्नोट्यूबर वाचला. आता ते झाड एका बुंध्यातून निघालेल्या पाच खोडांचं झालं आहे, मेलेलं खोड मधे कोरून ठेवलं आहे. बरं दिसतं, पण ठरवून केलेलं नाही आणि चार वर्षं मागे गेलं.

फांद्या ठरवायच्या आधी, एप्रिल २०२१ मध्ये, कॅनबेराला जाऊन नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानातला बोन्साय संग्रह पाहिला. तिथे देशी ऑस्ट्रेलियन झाडंही आहेत. गाडीने सात-साडेसात तास लागतात. संग्रह पाहायला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे पडतात. जाता-येता रस्त्याकडेची मोठी झाडं पाहिली, त्याचा उपयोग जास्त झाला. निलगिरी त्रिकोणात वाढत नाही. फांदी खोडातून वर तिरकी निघते, लांब उघडी जाते, पानांचा झुबका टोकाला असतो आणि झुबक्यांमधून आकाश दिसतं. मध्येच एखादी फांदी गळून पडलेली असते, तिथे खोड किंचित वाकतं. पाइनसारखे आडवे थर केले तर झाड निरोगी असूनही कुठलं आहे ते ओळखू येत नाही. प्रदर्शनांत अशा निलगिऱ्या पुष्कळ दिसतात, मला त्या उसन्या कपड्यांतल्या वाटतात.

तारेचं काम नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी दोन फांद्या गमावल्या. खोडातून नवा फुटलेला कोंब पहिलं वर्षभर वरवरच चिकटलेला असतो, त्याचं लाकूड खोडाच्या लाकडात रुजलेलं नसतं. तार गुंडाळून खाली दाबला की 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि अख्खा कोंब उखडून हातात येतो, खोडावर वाटीसारखा स्वच्छ खळगा उरतो. बरं, लाकूड पक्कं होईपर्यंत थांबावं तर फांदी लोखंडी होते, तार काढली की परत सरळ. मधली वेळ ओळखायची खूण म्हणजे कोंबाच्या तळाचा हिरवा-जांभळट रंग जाऊन तपकिरी व्हायला लागतो आणि जाडी तीन-चार मिलिमीटर असते. तेव्हा एका हाताच्या अंगठ्याने सांधा खालून दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने, सांध्यापासून दोन सेंटिमीटर सोडून, वाक द्यायचा. दीड-दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार पुरते. जाड फांदीला गुंडाळण्याऐवजी ताण द्यायचा: फांदीला रबरी नळीचा तुकडा, त्यावरून तार, ती खोक्याच्या कडेला बांधायची, दर आठवड्याला एक पीळ जास्त.

आणि तार विसरायची नाही. पाइनवर ती वर्षभर राहते. निलगिरीवर डिसेंबर-जानेवारीत चार आठवड्यांत सालीत रुततेच. तार उलटी फिरवून काढू नका, कोंब मोडतो. प्रत्येक वळशावर तोडून तुकडे काढा. फांदी परत वर आली तर पुन्हा गुंडाळा, वळसे आधीच्या जागी येऊ देऊ नका. माझ्या मुख्य फांदीला तीनदा तार लागली.

तार कापायची पक्कड आणि कात्री पुण्याहून आणलेली. असं काही आणत असाल तर आधी मातीचा कण न कण धुवा, पात्यांना स्पिरिट लावा आणि विमानात मिळणाऱ्या कार्डावर जाहीर करा. जाहीर केलेल्या स्वच्छ कात्रीला अधिकाऱ्याने उलटसुलट करून पाहिलं आणि दोन मिनिटांत सोडलं. लपवलेल्या वस्तूला दंड होतो.

२०२२ ते २०२३ हा काळ छाटा आणि वाढू द्या असा. फांदीवर पाच-सहा जोडपानं झाली की दोन जोड्या ठेवून कापायचं. मागून दोन फुटवे येतात, त्यांचंही तसंच. इथे निलगिरीचा स्वभाव आडवा येतो: तिची सगळी ओढ शेंड्याकडे. वर-खाली सारखंच कापलं तर वरचं पंधरा दिवसांत भरून येतं आणि खालच्या फांद्या एकेक करून सुकतात. म्हणून शेंडा दर दोन आठवड्यांनी, मधल्या फांद्या महिन्याने, आणि सगळ्यांत खालची फांदी हंगामात दोनदाच कापायची. कुठलीही फांदी पूर्ण निष्पर्ण करायची नाही. खोडावर डोळे उदंड, पण बारीक फांदी नागडी केली की बहुधा मागे फुटत नाही, सांध्यापर्यंत वाळते. पानगळ करून पान लहान करण्याची वडा-पिंपळाची युक्ती इथे नको. मोठी पानं तेवढी कात्रीने निम्मी कापा, ऊन आत जातं. फांद्यांची संख्या वाढली की पान आपोआप लहान होतं. आता माझ्याकडे ते तीन-चार सेंटिमीटरचं आहे, रस्त्यावरच्या झाडाचं दहाच्या पुढे जातं.

डिसेंबर २०२२ मध्ये भारतात चार आठवडे जायचं होतं, म्हणजे निलगिरीच्या तहानेचा ऐन मोसम. नळाला लावायचा बॅटरीचा टायमर ४५ डॉलर, नळी आणि ड्रिपर २५. सकाळी सहा आणि दुपारी दोन, प्रत्येकी दहा मिनिटं, कुंडी ट्रेमध्ये, वर ५० टक्क्यांची शेडनेट. हे सगळं निघायच्या दोन आठवडे आधी चालू करून पाहा. पहिल्याच आठवड्यात एक ड्रिपर गाळाने बंद पडलेला आढळला, तो निघाल्यावर बंद पडला असता तर झाड गेलं असतं. बॅटऱ्या नव्या घाला.

त्या खेपेला अनेकांनी विचारलं की एखादं रोप का नाही आणलंस. माती लागलेलं रोप तर भारतात आणताच येत नाही. बी किंवा रोप आणायला आयात परवाना आणि इथलं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (रोपाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) लागतं. त्याची गरजही नाही. महाराष्ट्रात नर्सरीत संकरित निलगिरीची रोपं मिळतात, तीही बहुधा गाठीचे डोळे राखून असतात. फांदीच्या तुकड्यापासून केलेल्या रोपाला सोटमूळ नसतं, त्यामुळे बुंध्याचे पाय पसरायला उलट सोपं. मुळांचं काम ऊब आणि दमट हवा एकत्र असते तेव्हा, मृगाच्या सरी स्थिरावल्यावर करा, एप्रिल-मेच्या रखरखाटात नको. पानाच्या देठावर आणि मधल्या शिरेवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते गाठमाशीचं काम. हा कीटकही मूळचा ऑस्ट्रेलियातलाच, भारतात या शतकाच्या सुरुवातीला पोचला. गाठीचे शेंडे तोडून जाळा, अंगणात टाकू नका.

इथल्या किडी वेगळ्या. पानावर साखरेच्या दाण्यासारखी पांढरी टोपी दिसली तर आत सायलिड (रस शोषणारा बारीक किडा) असतो, नखाने काढायचा. करवतमाशीच्या काळ्या अळ्या फांदीवर गठ्ठ्याने बसतात, हात लावला की शेपट्या उडवतात आणि तोंडातून पिवळा चिकट रस काढतात. त्या रसाला निलगिरी तेलाचाच वास येतो. मोठ्या झाडाला त्यांचं काही वाटत नाही, बोन्सायचं डोकं एका रात्रीत साफ करतात. मार्च ते ऑगस्ट रोज संध्याकाळी फांद्या खालून पाहाव्यात. फांदीच कापून बादलीत बुडवण्यापेक्षा चमच्याने अळ्या उचलणं बरं, फांदी तयार करायला दोन वर्षं गेलेली असतात.

१८ नोव्हेंबर २०२३ ला पहिलं झाड बोन्सायच्या कुंडीत गेलं. कुंडी अंडाकृती, ३२ बाय २४, खोली सहा सेंटिमीटर, बिनझिलईची तपकिरी, ८५ डॉलर. खोक्यातून काढलं तर मुळांचा गादीसारखा थर, पाच वर्षांपूर्वीच्या फरशीच्या तुकड्यावर घट्ट पसरलेला. तुकडा काढायला पाऊण तास लागला. निम्मी मुळं कापली, जाड मुळं जास्त, केसांसारखी कमी. बुंध्याच्या गाठीला खालून कात्री लावली नाही. ती कापली की कुजायला दार मिळतं. कुंडीच्या भोकांतून दोन तारा घेऊन मुळं बांधली, कारण वारा एवढ्या उथळ कुंडीतून झाड हलवतो आणि हललं की नवी मुळं तुटतात. त्याच दिवशी एक तृतीयांश पानं काढली. सोळा दिवस सावली. पहिल्या आठवड्यात एक फांदी मऊ पडली, ती निम्मी छाटली, बाकी तगली.

आत्ता उंची ३१ सेंटिमीटर, बुंधा ४१ मिलिमीटर. कुंडीत गेल्यापासून खोड फारसं जाड झालेलं नाही, होणारही नाही; जाडी हवी असती तर आणखी एक उन्हाळा खोक्यात ठेवायला हवं होतं. उजवीकडची दुसरी फांदी अजून खोडाला फार काटकोनात आहे, तिच्यावर २० जानेवारीपासून ताण लावला आहे. तार रुतायला लागलीय, साल दोन्ही बाजूंनी वर आलेली बोटाला लागते. या रविवारी तोडायची आणि मार्चमध्ये, ऊब आहे तोवर, पुन्हा एकदा लावायची. मुळांची पुढची छाटणी नोव्हेंबर २०२५ मध्ये, रात्री बारा अंशांच्या वर गेल्यावर.